लोकलमधे वापरायला छोटा लॅपटॉप घ्यायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी रोज बदलापूर ते सीएसएमटी जाते-येते, अकरा वर्षं झाली. ऑफिसला अकाउंट्समधे आहे. डब्यात लॅपटॉप उघडला की चार दिवसाआड कोणीतरी विचारतंच, ताई हा कुठला, केवढ्याला पडला, चार्जिंग किती टिकतं, माझ्या मुलाला असाच घ्यायचाय. कल्याण यायच्या आत सगळं सांगून होत नाही म्हणून एकदाचं नीट लिहून काढलंय. पैसे कष्टाचे असतात आणि चुकीचा लॅपटॉप घेतला की तो चार-पाच वर्षं खांद्यावर बसतो, हे मी स्वतः भोगलंय.

मुळात लोकलमधे लॅपटॉप उघडता येतो का?

बसायला मिळत असेल तर येतो, आणि बसायला म्हणजे नीट बसायला. चौथ्या सीटवर (तिघांच्या बाकावर कडेला चौथी) जेमतेम टेकलेलं असताना लॅपटॉप उघडायचा विचारही करू नका, एक पाय पॅसेजमधे, एका हातानं स्वतःला सावरायचं, त्यात मांडीवर चाळीस हजाराची वस्तू. त्यामुळे लॅपटॉप बघायला जायच्या आधी आठ दिवस नुसती वही ठेवा. रोज किती वाजता सीट मिळाली, कितवी मिळाली, आणि निवांत असा किती वेळ हाताशी आला तेवढं लिहायचं. बदलापूर ते सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर, फास्टने दीड तासाच्या आसपास लागतो, पण माझा कामाचा वेळ निघतो तासभरच. सुरवातीची दहा मिनिटं बसणं, बॅग लावणं, ओळखीच्यांशी बोलणं यात जातात आणि दादरला उतरणाऱ्या बायका आधीपासून उठायला लागतात तेव्हा मी बंद करते. ज्यांचा असा वेळ वीस मिनिटांच्या आत येतो त्यांनी वेगळा लॅपटॉप घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, फोन पुरतो.

स्क्रीन किती इंचाची घ्यावी?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण दुकानात आपण स्क्रीन बघतो आणि डब्यात लागते ती रुंदी. १५.६ इंचाचा लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर रुंद असतो. तिघांच्या बाकावर चौघं बसतो आपण, मग माझ्या वाट्याला जी जागा येते त्यात ३६ सेंटिमीटर बसतच नाहीत, एक कोपरा शेजारणीच्या पोटाशी जातो, आणि ती काही बोलली नाही तरी आपल्यालाच लाज वाटते. १३ इंचाचे बहुतेक ३० सेंटिमीटरच्या आसपास असतात, १४ चे ३१-३२. हा पाच सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही पण डब्यात तोच सगळं ठरवतो.

दुसरी गोष्ट खोली, म्हणजे पोटापासून समोरच्याच्या गुडघ्यापर्यंतचं अंतर. समोरासमोरच्या सीटवर गुडघ्याला गुडघा लागतो, त्यात मधे कोणीतरी उभं असतं, मग झाकण पूर्ण मागे जात नाही आणि आपण मान वाकवून बघत बसतो. छोटं झाकण इथे खरंच कामाला येतं.

म्हणून लोकलसाठी १२ ते १३.३ इंच. फर्स्टक्लासला किंवा एसी लोकलला बसायला मिळत असेल तर १४ चालून जाईल. १५.६ घरी टेबलावर.

एवढ्या छोट्या कीबोर्डला नंबरपॅड नसतो, अकाउंटवाल्यांनी काय करायचं?

नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा वेगळा भाग) नसतो, बरोबर आहे, आणि मलाही पहिले दोन महिने फार जड गेलं. मी गाडीत आकडे भरायचं कामच ठेवत नाही. गाडीत तपासणी करायची, लेजर वाचायचं, फॉर्म्युले लावायचे, मेलचे मसुदे लिहायचे, एंट्र्या ऑफिसला, तिथे १५० ग्रॅमचा यूएसबी नंबरपॅड ड्रॉवरमधे पडलेला असतो. गाडीत आकडे भरले की चुका होतातच, कांजूरमार्गला धक्का बसतो आणि ५४० चे ५५४० होतात.

वजन किती असावं?

दीड किलोच्या आत, आणि सव्वाच्या आत मिळाला तर फारच उत्तम. पण वजन एकट्या लॅपटॉपचं बघू नका, घरच्या वजनकाट्यावर आख्खी बॅग ठेवा. माझा जुना लॅपटॉप १.८ किलो, त्याचा चार्जर चारशे ग्रॅमच्या वर, पाण्याची बाटली भरलेली एक किलो, डबा पाऊण किलो, छत्री, पर्स, सगळं मिळून साडेचार किलोच्या पुढे गेलेलं होतं आणि ते घेऊन मी रोज ब्रिज चढत होते, वर गाडी बदलली की त्याच ब्रिजवरून पळत दुसऱ्या प्लॅटफॉर्मला. उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरनी पहिला प्रश्न बॅगेचाच विचारला.

यात एक स्वस्तातला उपाय सांगते जो फारसं कोणी सांगत नाही. चार्जर रोज नेऊ नका. टाईप-सी ने चार्ज होणारा लॅपटॉप घ्या आणि ६५ वॅटचा दुसरा चार्जर विकत घेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमधे ठेवून द्या. एक घरी एक ऑफिसला. बॅगेतून तीन-चारशे ग्रॅम कायमचे गेले, आणि चार्जर घरी राहिला म्हणून होणारी धावपळ पण गेली.

टॅब आणि कीबोर्ड कव्हर घेतलं तर?

काम काय आहे त्यावर. वाचन, मेल, नोट्स, ऑनलाईन क्लास बघणं एवढंच असेल तर ११ इंची टॅब छानच, आयपॅड तर अर्ध्या किलोच्या आत आहे, उभ्यानेही एका हातात धरता येतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, पाठीमागे स्टँड काढून उभे राहणारे जे टॅब असतात (सरफेस गो आणि त्या जातीचे) ते टेबलावर सुंदर आणि मांडीवर त्रासदायक. स्टँड टेकायला मांडीची पूर्ण लांबी लागते, कमी उंचीच्या माणसाचा तो गुडघ्याच्या पुढे जातो, आणि गाडीने ब्रेक मारला की टॅब समोरच्याच्या मांडीत. टॅबच घ्यायचा तर कडक बिजागरीचा कीबोर्ड बघा, जो लॅपटॉपसारखा उभा राहतो, पण मग दोन्हीचं वजन मिळून एक किलोच्या पुढे जातं आणि किंमत लॅपटॉपएवढी होते, मग लॅपटॉपच का नको?

दोन, आयपॅडवर एक्सेल आहे पण मॅक्रो (शीटमधे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. ऑफिसच्या शीटमधे मॅक्रो असतील तर तिथेच विषय संपला.

ते पूर्वी मिनी लॅपटॉप यायचे, नेटबुक, ते आता कुठे मिळतात?

नवीन मिळत नाहीत, आणि जुने घेऊ नका. एसुसने २००७ मधे ई-पीसी काढला, सात इंच स्क्रीन, किलोच्या आत वजन, आणि त्यावेळी तो प्रकार इतका आवडला लोकांना की पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या कंपन्यांनी नेटबुक काढले. मग २०१० ला आयपॅड आला, स्वस्त टॅब आले, आणि २०१३ पर्यंत नेटबुक जवळजवळ बंदच झाले. त्या पहिल्या ई-पीसीत ५१२ एमबी रॅम होती, आज त्यावर बँकेची वेबसाईटसुद्धा धड उघडणार नाही. ऑनलाईन कोणी अडीच-तीन हजाराला विकताना दिसला तर आठवण म्हणून घ्या, कामाला नाही. मला स्वतःला फार वाटतं की त्या साइझचं काहीतरी परत यावं, लोकलवाल्यांसाठी तोच खरा आकार होता.

मॅकबुक एअर घ्यावा का विंडोज?

बजेट असेल आणि ऑफिसचं सॉफ्टवेअर अडवत नसेल तर एअर डोळे झाकून घ्या. एम१ (ॲपलची चिप) वाला २०२० चा मॉडेल १.२९ किलो, एम२ पासूनचे १३ इंची १.२४ किलो, आणि महत्त्वाचं म्हणजे यात पंखाच नाही. पंखा नाही याचं महत्त्व मे महिन्यात कळतं. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपची हवा खालून आत जाते आणि मांडीवर साडी किंवा ओढणी असली की ती जाळी झाकली जाते, मग पंखा कोकलतो, मांडी भाजते आणि मशीन स्लो होतं. मी त्यासाठी पातळ फाईल फोल्डर खाली ठेवते, पुठ्ठ्याचा, साधा.

पण टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) मॅकवर थेट चालत नाही. आमच्यासारख्यांना त्यामुळे विंडोजच. विद्यार्थी, लिहिणारे, डिझाईनवाले यांना मॅक चालतो.

क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) स्वस्त आणि हलका असतो, ११.६ इंचाचा मिळतो, शाळा-कॉलेजच्या मुलांना ठीक. बराचसा इंटरनेटवर अवलंबून असतो हे लक्षात ठेवून घ्या.

नवीन परवडत नाही. सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड चालेल का?

चालेल, मी स्वतः तेच वापरते. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप काढून टाकतात आणि ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि तसल्या मार्केटला येतात. ऑफिससाठी बनवलेले असल्यामुळे दणकट असतात, कीबोर्ड चांगला असतो आणि १२.५ इंचाची साइझ जी नवीन लॅपटॉपमधे जवळपास संपलीय ती इथेच मिळते. थिंकपॅड एक्स२८०, डेल लॅटिट्यूड ७२९० ही नावं लिहून घ्या. माझा एक्स२८० आहे, सव्वा किलोच्या आत, टाईप-सी ने चार्ज होतो, मला २२ हजाराला पडला.

आता काय तपासायचं ते नीट वाचा.

प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा पाहिजे, म्हणजे आय-५ च्या पुढचा नंबर ८ ने सुरू होतो, ८२५०, ८३५० असा. कारण विंडोज ११ त्याच्या खालच्यांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. दुकानदार सातव्या जनरेशनचा विंडोज ११ टाकून देतो आणि बघा चालतंय की म्हणतो. पुढे अपडेट अडले की त्रास तुम्हाला.

बऱ्याच छोट्या लॅपटॉपमधे रॅम बोर्डावर चिकटवलेली असते (एक्स२८० ला अशीच आहे), ती नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे तिथे ८ जीबीवाला घेऊन मग १६ करू हा हिशोब चालत नाही.

बॅटरी. इथे मी फसले. पहिला जो घेतला होता त्याची बॅटरी दुकानात ९८ टक्के दाखवत होती आणि वांगणीला माहेरी घेऊन गेले तर चाळीस मिनिटांत बंद. दुकानात परत गेले तर बॅटरीची वॉरंटी नसते ताई, एवढंच उत्तर. म्हणून आता सांगते, टक्के बघू नका, रिपोर्ट काढायला लावा. विंडोजमधे बॅटरी रिपोर्टची कमांड असते, त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ८० टक्क्याच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किंमतीतून वजा करून मागा, मिनमिन करायची नाही. काढून देत नाही म्हणाला तर उठून या.

रॅम आणि स्टोरेज?

विंडोजला ८ जीबी कमीत कमी, १६ मिळाली तर घ्याच. स्टोरेज एसएसडी, २५६ पुरतं. स्वस्त छोट्या लॅपटॉपमधे ईएमएमसी (स्वस्तातलं, हळू चालणारं स्टोरेज) लिहिलेलं असतं, ते नको, उघडायलाच दोन मिनिटं लागतात आणि आपल्याकडे आहे तासभर. जुनी फिरती हार्डडिस्क तर गाडीत अजिबात नको, धक्क्यानं जाते.

बॅटरी किती तासांची पाहिजे?

जाहिरातीत १५ तास, १८ तास लिहितात आणि लोक त्यासाठी जास्त पैसे देतात. नीट विचार करा, जाताना एक तास, येताना एक तास (येताना बहुतेक झोपच लागते), आणि मधे ऑफिसला चार्जिंग. खरे पाच तास टिकली तरी रोजचं भागतं. उरलेले पैसे रॅममधे घाला.

पॉवरबँक घेत असाल तर २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, त्यातले थोडे वाया जातात, म्हणजे ५० वॅट-अवरच्या लॅपटॉपला साधारण एक चार्ज. मात्र त्यावर पीडी (पॉवर डिलिव्हरी) आणि ४५ किंवा ६५ वॅट लिहिलेलं पाहिजे, फोनवाली पॉवरबँक लॅपटॉपला चालत नाही. वजन परत चारशे ग्रॅम वाढतं, म्हणून मी रोज नेत नाही, फक्त पावसाळ्यात नेते, गाड्या कुर्ल्याला अडकल्या की फोनला पण लागते.

खिडकीजवळ स्क्रीन दिसत नाही, काय करू?

मॅट (न चमकणारी) स्क्रीन आणि ३०० निट्सच्या (ब्राईटनेसचं माप) वर ब्राईटनेस, हे दोन शब्द दुकानात विचारा. स्वस्तातल्यांना २२०-२५० असतो, तो खिडकीत आरशासारखा दिसतो. आणि सीटसुद्धा विचार करून धरा, सकाळी मुंबईकडे येताना ठाण्यानंतर ऊन डाव्या खिडकीतून येतं, त्यामुळे गाडीच्या दिशेनं तोंड करून उजवीकडे बसलेलं बरं. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं ठेवा, डार्क मोड उन्हात दिसत नाही.

हलत्या गाडीत टाईप होतं का?

होतं, सवयीनं. टायपिंग जमतं, माऊस जमत नाही. टचपॅडवर बोट ठेवलं की गाडी हलते आणि भलतंच क्लिक होतं. मी शेजारणीच्या ओळखीनं थिंकपॅडकडे वळले ते याच कारणानं, कीबोर्डच्या मधोमध तो लाल टिपका असतो ना, त्यावर बोट टेकवून नुसता दाब द्यायचा, हात हलवावाच लागत नाही, कोपर अंगाला चिकटलेले राहतात. आधी मलाही तो जुनाट वाटायचा. आता मुलुंड ते घाटकोपर मी एक अख्खी शीट तपासते तरी शेजारचीला धक्का लागत नाही. बाकी कुठलाही लॅपटॉप असला तरी कीबोर्ड शॉर्टकट शिकून घ्या.

मराठी टायपिंगला वेगळं काही लागतं का?

नाही. विंडोजमधे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, सेटिंगमधे भाषा जोडली की झालं, इंग्रजी अक्षरांनी लिहायचं आणि मराठी उमटतं. इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा वेगळा कीबोर्ड) शिकलात तर वेग जास्त येतो. मॅकवरही देवनागरी कीबोर्ड असतो. बटणांवर मराठी स्टिकर चिकटवू नका, घामानं निघतात आणि चिकट होतं सगळं.

गाडीत नेट चालतं का?

फोनचा हॉटस्पॉट चालतो, मधे मधे तुटतो. नेट नाही असं धरूनच काम घ्या, फाईल आदल्या रात्री लॅपटॉपमधे उतरवून ठेवा, गूगल डॉक्सला ऑफलाईन चालू करून ठेवा. बँकेचं काम गाडीत नको, शेजारी चार डोळे असतात.

पावसाळ्यात?

याबद्दल मी जरा जास्तच सांगते कारण एक लॅपटॉप याच्यात गेला. बॅग वरच्या रॅकवर ठेवली होती, बॅगेला रेनकव्हर होतं, सगळं होतं, आणि शेजारी कोणीतरी ओली छत्री उभी करून ठेवली. डोंबिवलीपासून भायखळ्यापर्यंत त्या छत्रीचं पाणी थेंब थेंब माझ्या चेनीतून आत गेलं. ऑफिसला उघडला तर बटणांच्या फटीत पाणी चमकत होतं, मी घाबरून चालू करून बघितला, तेच करायला नको होतं, अर्धी बटणं तिथेच गेली.

तेव्हापासून लॅपटॉप आधी झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पाऊचमधे, मग बॅगेत, आणि जून ते सप्टेंबर बॅग मांडीवर, रॅकवर नाही. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जर लावू नका, उलटा करून तंबूसारखा ठेवा आणि दुकानात न्या. चोवीस तास चालू करायचा नाही, कितीही जीव खालीवर झाला तरी.

चोरी?

दारात उभं राहून फोनसुद्धा काढू नका, रुळांकडेला काठी मारून फोन पाडणाऱ्या टोळ्या आहेत. गर्दीत बॅग पुढे घ्या. लॅपटॉपला पासवर्ड आणि डिस्क लॉक (विंडोजला बिटलॉकर, मॅकला फाईलव्हॉल्ट) चालू करून ठेवा, म्हणजे मशीन गेलं तरी लोकांचे पॅन नंबर जात नाहीत. सिरीयल नंबरचा फोटो घरच्या कोणाच्या फोनमधे ठेवा, तक्रार देताना तोच मागतात. रेल्वे पोलीस १५१२, रेल्वे हेल्पलाईन १३९.

मी पुणे-मुंबई करतो, मला पण हेच लागू का?

नाही, तुमचं गणित वेगळं. डेक्कन क्वीन किंवा इंटरसिटीला १९२ किलोमीटर, तीन तासांच्या वर बसायचं, आरक्षित सीट, त्यामुळे १४ इंच आरामात चालतो आणि मोठी बॅटरीही उपयोगाची. कर्जत ते लोणावळा घाटात बोगदे आले की नेट जातं, तेवढ्यात चहा घ्या. समोरच्या सीटच्या पाठीवरच्या ट्रेवर लॅपटॉप ठेवला असेल तर समोरचा माणूस सीट मागे टाकतो तेव्हा झाकण अडकून स्क्रीन फुटू शकते, त्याला आधीच सांगून ठेवा, दादा टाकायच्या आधी आवाज द्या. शिवनेरी बसनं जात असाल तर घाटात स्क्रीनकडे बघूच नका, मळमळतं.

बसायलाच मिळत नाही, मी डोंबिवलीला चढते.

मग ताई लॅपटॉपवर पैसे घालू नका, मनापासून सांगते. दोन्ही हात लागतात सावरायला. फोनवर ऐकायचं काहीतरी ठेवा, ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसलाच राहू दे, आणि वाचलेल्या पैशातून जमलं तर फर्स्टक्लासचा पास बघा, तिथेही गर्दी आहे पण थोडी सवड मिळते.

दुकानात गेल्यावर नक्की कसा तपासू?

काऊंटरवर उभं राहून नाही. रोजची बॅग भरून न्या, डबा बाटली सकट. दुकानात स्टूल मागा, बसा, बॅग मांडीवर ठेवा आणि त्यावर लॅपटॉप, कारण गाडीत तो तसाच बसणार आहे. कोपर अंगाला चिकटवा, गुडघे जवळ घ्या, आणि तुमच्या रोजच्या कामातलं काहीतरी दहा मिनिटं खरंच टाईप करा. झाकण अर्धच उघडून बघा दिसतंय का. एका हातानं बंद करून बॅगेत टाकता येतो का बघा, कारण दुसऱ्या हातात दांडी असेल. मग बॅग खांद्याला लावून दुकानाचा जिना दोनदा चढा उतरा. माझ्या बहिणीनं असंच केलं, दुकानातली पोरं बघत राहिली, आणि ती तिसऱ्या मॉडेलला हो म्हणाली.